आरोप घेऊन जगलेला अंतराळवीर

चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले असे विचारले, तर चौथीतला मुलगाही नील आर्मस्ट्राँगचे नाव सांगतो. परंतु कोणत्या अंतराळवीराने कोणत्या यानातून जायचे हे ज्याच्या हाती होते, त्या डीक स्लेटनने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की गस ग्रिसम जिवंत असता तर तो मान ग्रिसमला मिळाला असता. हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांनी बहुधा 'द राईट स्टफ' हा १९८३ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिलेला असेल. त्यांच्या मनात ग्रिसम म्हणजे समुद्रात उतरलेल्या यानात घाबरून गेलेला, घाईने दार उडवून बाहेर पडलेला आणि देशाचे यान बुडवून बसलेला माणूस, असे चित्र असणार. मीसुद्धा त्याला आधी असाच ओळखत होते. पुढे जसजसे वाचत गेले तसतसे वाटू लागले, की पुरावा नसताना या माणसाला दोषी ठरवले गेले आहे. म्हणून हा लेख लिहावासा वाटला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रातले बारकावे मला जेवढे समजले तेवढेच सांगणार आहे.

व्हर्जिल इव्हान ग्रिसमचा जन्म ३ एप्रिल १९२६ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मिचेल नावाच्या लहानशा गावी झाला. वडील रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. चार भावंडांत हा थोरला. सकाळी एक वर्तमानपत्र, संध्याकाळी दुसरे, अशी घरोघर टाकायची आणि उन्हाळ्यात फळबागांत फळे तोडायची, हा त्याचा शाळकरी वयातला उद्योग. इंडियानात बास्केटबॉलचे मोठे वेड; पण याची उंची बेताची, त्यामुळे संघात जागा मिळाली नाही. मग सामन्यापूर्वी झेंडा घेऊन मैदानात जाणाऱ्या बालवीरांच्या पथकात तो जाऊ लागला. तिथल्या वाद्यवृंदात ढोल वाजवणारी बेट्टी मूर पुढे त्याची पत्नी झाली. 'गस' हे टोपणनावही असेच गमतीने मिळालेले. कोणीतरी गुणपत्रकावर त्याचे नाव 'ग्रिस' असे तोडून लिहिले होते. समोरच्या मित्राने ते उलट्या बाजूने वाचले आणि त्याला 'गस' दिसले!

१९४४ साली शाळा संपताच तो वैमानिक होण्यासाठी सैन्यात गेला. पण विमान हाती येण्याच्या आतच महायुद्ध संपले आणि त्याच्या वाट्याला कारकुनी आली. १९४५ मध्ये लग्न झाले, त्याच वर्षी सैन्यातून सुटका झाली, आणि गडी मिचेलमध्येच बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. काम कोणते, तर शाळेच्या बसना दारे बसवण्याचे. पुढची हकिगत माहीत असल्यामुळे हे वाक्य वाचताना मी क्षणभर थांबले होते.

दारे बसवण्यात आयुष्य घालवायचे नाही, असे ठरवून त्याने १९४६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकीसाठी नाव घातले. सैन्यातून परतलेल्यांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत असे, परंतु तेवढ्यात दोघांचे भागत नव्हते. पहिल्या सत्रात तर दोघांना राहायला खोली मिळेना, म्हणून बेट्टी माहेरीच राहिली. पुढे ती दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर म्हणून काम करू लागली आणि तो कॉलेज सुटल्यावर एका खाणावळीत बर्गर भाजू लागला. १९५० मध्ये पदवी मिळाली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे एकाच्या शिक्षणामागे दुसरे कोणी राबत असते, हा हिशेब मला नवा नाही. ती पदवी दोघांची म्हटली पाहिजे.

त्यानंतर तो हवाईदलात परत गेला. कोरियाच्या युद्धात त्याने सेबर जातीच्या जेट विमानातून १०० मोहिमा केल्या, आणि त्या पुऱ्या झाल्यावर आणखी २५ मागितल्या. त्या नाकारण्यात आल्या. तिथली एक गोष्ट सांगतात. वैमानिकांना विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये, ज्याच्यावर शत्रूच्या विमानाने अजून गोळी झाडलेली नाही त्याने उभे राहायचे, असा रिवाज होता. ग्रिसम फक्त पहिल्या दिवशी उभा राहिला म्हणे! युद्धानंतर त्याने विमानशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतले आणि नव्या विमानांची परीक्षा घेणारा चाचणी वैमानिक झाला.

१९५९ साली 'नासा' या नव्या संस्थेने मानवाला अवकाशात पाठवण्याच्या 'मर्क्युरी' योजनेसाठी निवड सुरू केली. सैन्यातले ११० वैमानिक अटींत बसत होते; त्यांतून सात निवडायचे होते. वैद्यकीय तपासणीत ग्रिसमला परागकणांची बाधा होत असल्याचे आढळले. तो म्हणाला, अवकाशात फुलांचे पराग कुठून येणार? डॉक्टरांना ते पटले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सात जणांची नावे जाहीर झाली, आणि सिग्नलवाल्याचा मुलगा जगाच्या वर्तमानपत्रांत झळकला.

त्याला बोलणे जमत नसे. सातही जण सॅन दिएगोच्या कारखान्यात अग्निबाण पाहायला गेले असता हजारो कामगारांपुढे त्याला अचानक भाषण करायला सांगितले. तो जेमतेम एवढेच बोलला, "काम चांगले करा." कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि ते शब्द मोठ्या फलकावर लिहून कारखान्यात लावले. ज्या माणसाचा जीव आपण कसलेल्या बोल्टवर अवलंबून आहे तोच हे सांगतो आहे, हे त्यांना कळले असावे.

१२ एप्रिल १९६१ रोजी रशियाचा युरी गागारिन अवकाशात गेला. ५ मे रोजी अमेरिकेचा ॲलन शेपर्ड. तिसरा गस ग्रिसम. २१ जुलै १९६१ रोजी 'लिबर्टी बेल ७' या एका माणसापुरत्या कुपीत बसून तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघाला. १९० किलोमीटर उंची गाठून पंधरा मिनिटे ३७ सेकंदांत अटलांटिक महासागरात उतरला. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध घंटेवरून हे नाव घेतलेले; त्या घंटेला तडा गेलेला असल्यामुळे यानावरही पांढऱ्या रंगाने तडा काढलेला होता. उड्डाण अगदी सुरळीत झाले. जे घडले ते त्यानंतर.

शेपर्डच्या यानाला कड्यांचे जड दार होते. ग्रिसमच्या यानाला पहिल्यांदाच नव्या तऱ्हेचे, बरेच हलके दार बसवले होते. ते ७० बोल्टांनी पक्के केलेले आणि कडेने बारीक स्फोटक वात फिरवलेली. आतला दट्ट्या दाबला की वात पेटावी, सगळे बोल्ट तुटावेत आणि दार बाहेर उडून जावे. दट्ट्यावर एक टोपण आणि अडकवलेली पिन. ती पिन काढल्यावर पाच-सहा पौंडांचा धक्का पुरे.

समुद्रात उतरल्यावर ग्रिसमने हेलिकॉप्टरवाल्यांना थोडे थांबायला सांगितले आणि तो फळ्यावरच्या उपकरणांचे आकडे लिहून घेत बसला. मग नियमाप्रमाणे टोपण आणि पिन काढून, हेलिकॉप्टरने यानाला आकडा लावून वर उचलावे म्हणून पडून राहिला. यान उचलल्यावर त्याने दार उडवायचे, असा बेत होता. पण एकाएकी धाड असा आवाज झाला, दार गेले आणि लाटा आत शिरल्या. तो कसाबसा बाहेर पडला. जिम लुईस चालवत असलेल्या हेलिकॉप्टरमधून यानाला आकडा लावला गेला खरा, पण पाण्याने भरलेले यान त्या हेलिकॉप्टरला पेलण्यासारखे नव्हते. त्यातच इंजिन बिघडल्याचा दिवा लागला आणि त्याला यान सोडून द्यावे लागले. इकडे ग्रिसम बुडू लागला होता. त्याच्या पोशाखाची हवेची तोटी उघडी राहिली होती; तिच्यातून हवा बाहेर आणि पाणी आत. पायाच्या खिशात आठवण म्हणून वाटायला घेतलेल्या दहा सेंटच्या नाण्यांच्या दोन गुंडाळ्या, त्यांचे वजन वेगळे. पंख्यांच्या वाऱ्याने लाटा अंगावर येत होत्या. तो हात हलवत होता आणि वरच्यांना वाटत होते, की हा ठीक असल्याची खूण करतो आहे. दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्याला वर घेतले तेव्हा त्याने पहिल्यांदा जीवरक्षक जाकीट हातात घेतले.

यान सुमारे ४,९०० मीटर खोल तळाशी गेले.

"मी आडवा पडलो होतो आणि दार आपोआप उडाले," असे तो पहिल्या दिवसापासून सांगत राहिला. चौकशी समितीने प्रयोग करून पाहिले, पण दार आपोआप उडवून दाखवणे काही जमले नाही. समितीने ग्रिसमला दोष दिला नाही, मात्र कारणही सापडले नाही. आणि कारण सापडले नाही की लोक माणूस शोधतात. पत्रकारांनी त्याला विचारले, तुम्हाला धोका वाटला का? तो सरळ म्हणाला, बराच वेळ मी घाबरलेलोच होतो. भीती वाटणे आणि भीतीने हातून चूक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हा फरक करायचा नसतो. शेपर्डला व्हाइट हाउसमध्ये बोलावून केनेडींनी स्वतः पदक दिले होते. ग्रिसमला ते हवाईदलाच्या तळावर नासाच्या प्रमुखाकडून मिळाले. बेट्टीला ही गोष्ट फार लागली.

ग्रिसमच्या बाजूचा एक पुरावा मात्र पुढच्याच वर्षी त्याच्या मित्राने हाताने दिला, अगदी शब्दशः हाताने. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा पृथ्वीभोवती सहा फेऱ्या मारून परतला, तेव्हा जहाजावर घेतल्यानंतर त्याने मुद्दाम दट्ट्या दाबून दार उडवले. दट्ट्या इतक्या जोराने उलटला, की हातमोजा घातलेला असूनही हाताला इजा झाली. ग्रिसमच्या अंगावर डॉक्टरांना अशी कोणतीही खूण सापडली नव्हती. आता, जो माणूस भीतीने गांगरतो तो आधी शांतपणे आकडे टिपत बसेल का, आणि दट्ट्या दाबला असता तर हात कोरा राहिला असता का? मला हे दोन प्रश्न पुरेसे वाटतात. टॉम वुल्फने १९७९ मध्ये 'द राईट स्टफ' हे पुस्तक लिहिले तेव्हा शिराच्या हाताची गोष्ट सतरा वर्षांची जुनी झाली होती. तरीही पुस्तकातला आणि त्यावरच्या चित्रपटातला ग्रिसम घाबरटच राहिला. पुस्तक उत्तम आहे असे सगळे म्हणतात; तेच वाईट झाले.

नासातल्या लोकांचा मात्र त्याच्यावरचा विश्वास उडाला नव्हता. दोन माणसांच्या 'जेमिनी' यानाच्या बांधणीत तो इतका गुंतला, की सहकारी त्या यानाला 'गसची मोटार' म्हणू लागले. आतली बैठक याच्या मापाने झालेली! १९६३ मध्ये ध्यानात आले, की सोळांपैकी चौदा अंतराळवीर त्यात नीट मावत नाहीत. मग यान बदलावे लागले. बास्केटबॉलच्या संघात न घेतलेल्या मुलाने काढलेला हा सूड म्हणायला हरकत नाही. पहिल्या जेमिनी उड्डाणासाठी आधी शेपर्डची निवड झाली होती. त्याला कानाचा विकार जडला आणि ते ग्रिसमकडे आले. यानाला त्याने नाव दिले 'मॉली ब्राउन'. टायटॅनिक जहाजातून वाचलेल्या या बाईवर, ती कशी बुडतच नाही अशा अर्थाचे, एक संगीत नाटक तेव्हा गाजत होते. वरिष्ठांनी नाक मुरडले आणि दुसरे नाव सुचवायला सांगितले. तो म्हणाला, मग 'टायटॅनिक' कसे वाटते? मॉली ब्राउन कायम झाले.

२३ मार्च १९६५ रोजी ग्रिसम आणि जॉन यंग यांनी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. माणसांनी चालवून यानाची कक्षा बदलण्याचे काम जगात प्रथम त्यांनी केले. चंद्रावर जाण्यासाठी हेच शिकणे आवश्यक होते. उतरताना यान जहाजापासून बरेच दूर पडले. आत उकडत होते, लाटांनी यान हेलकावत होते, ग्रिसमला ओकारी झाली. तरी पाणबुडे येऊन यानाभोवती तरंगते कडे बसवीपर्यंत त्याने दार उघडू दिले नाही.

पुढची पायरी 'अपोलो'. पहिल्या अपोलो उड्डाणाचा प्रमुख ग्रिसम; बरोबर एड व्हाइट आणि पर्ड्यूचाच रॉजर शॅफी. सरावाच्या काळातली त्यांची एक थट्टा अजून आकाशात आहे. ताऱ्यांच्या ज्या नकाशावरून यान चालवायचे, त्यात ग्रिसमने तीन ताऱ्यांना गुपचूप नवी नावे दिली. त्यांतले 'नावी' हे नाव म्हणजे त्याचे 'इव्हान' उलटे केलेले. आपण जिला शर्मिष्ठा म्हणतो त्या तारकापुंजातला मधला तारा तो.

पण अपोलोचे यान त्याला आवडले नव्हते. तारांची गुंतागुंत, रोज नवा बिघाड, दुरुस्त्यांची न संपणारी यादी. जानेवारी १९६७ मध्ये घरून निघताना त्याने परसातल्या झाडाचे लिंबू तोडले आणि सरावाच्या यानावर नेऊन टांगले. आपल्याकडे दारावर लिंबू टांगतात ते दृष्ट लागू नये म्हणून. अमेरिकेत निकामी निघालेल्या मालाला लिंबू म्हणतात.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडी येथे अग्निबाणाच्या टोकावर यान ठेवून उड्डाणाची रंगीत तालीम चालू होती. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून ही तालीम धोक्याची समजली गेली नव्हती. दुपारी एकच्या सुमारास तिघे आत बसले. दार बंद करून आत शुद्ध प्राणवायू भरला, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. नियंत्रण कक्षाशी बोलणे सारखे तुटत होते. ग्रिसम वैतागून म्हणाला, दोन-तीन इमारतींमधून बोलता येत नसेल तर चंद्रावर कसे पोचणार? संध्याकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी आतून आग लागल्याचा आवाज आला. अशा दाबाच्या प्राणवायूत, साध्या हवेत मंद जळणाऱ्या वस्तूही भडकतात. नायलॉनच्या जाळ्या आणि चिकटपट्ट्या यानात पुष्कळ होत्या. पंधरा-वीस सेकंदांत यानाची भिंत फाटली.

आणि दार? ते एकावर एक अशा थरांचे होते आणि आतले झाकण आतल्या बाजूला ओढून काढायचे होते. सगळे सुरळीत असले तरी किमान दीड मिनिट लागे. आगीने आतला दाब वाढल्यावर तर ते कोणत्याही माणसाच्या ताकदीने हलणारे नव्हते. बाहेरच्यांना ते उघडायला पाच मिनिटे लागली. तिघेही विषारी वायूने गुदमरून गेले होते.

सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट पुढेच आहे. यान बनवणाऱ्या कंपनीने सुरुवातीला बाहेर उघडणारे, स्फोटाने उडणारे दार सुचवले होते. नासाने ते नाकारले, कारण ते ग्रिसमच्या लिबर्टी बेलसारखे अवेळी उघडेल अशी भीती होती. म्हणजे दार आपोआप उडाले हे ग्रिसमचे म्हणणे यंत्र बनवताना गृहीत धरले गेले. त्याच्याविषयी बोलताना मात्र नाही.

ठिणगी नेमक्या कोणत्या तारेतून पडली हे कळले नाही, पण यान पार बदलले गेले. सेकंदांत बाहेर उघडणारे दार आले, जमिनीवर असताना प्राणवायूत नत्रवायू मिसळू लागले, जळणाऱ्या वस्तू काढल्या गेल्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये माणसे घेऊन पहिले अपोलो वर गेले, त्याचा प्रमुख वॉली शिराच होता. जुलै १९६९ मध्ये पर्ड्यूचाच दुसरा विद्यार्थी, नील आर्मस्ट्राँग, चंद्रावर उतरला. बेट्टीने १९७१ मध्ये यान बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि पुढल्या वर्षी साडेतीन लाख डॉलरवर तडजोड झाली. अंतराळवीराच्या विधवेने असे करावे हे तेव्हा अनेकांना रुचले नाही. दोन मुलांची आई होती ती, आणि पर्ड्यूच्या दिवसांपासून हिशेब तिलाच ठाऊक होता. २०१८ साली ती वारली.

लिबर्टी बेल ७ समुद्रतळावरून २० जुलै १९९९ रोजी, म्हणजे ३८ वर्षांनी, वर काढण्यात आले. कर्ट न्यूपोर्ट नावाच्या जिद्दी शोधकाने ते शोधले. यानात दहा सेंटची नाणीही सापडली. दाराचे कोडे मात्र त्यावरूनही सुटले नाही.

२०२१ मध्ये ग्रिसमचा चरित्रकार जॉर्ज लिओपोल्ड आणि जुन्या चित्रफिती स्वच्छ करून अभ्यासणारा अँडी साँडर्स यांनी एक नवे कारण मांडले. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट ठिणग्या उडतात, तशीच वीज फिरत्या पंख्यांमुळे हेलिकॉप्टरच्या अंगावर साठते. यान उचलण्यापूर्वी त्याची उंच एरियल कापावी लागे. हेलिकॉप्टरमधल्या माणसाने कापण्याचे हत्यार एरियलला लावले तेव्हा ती वीज यानात उतरली आणि स्फोटक वात पेटली, असे त्यांचे म्हणणे आहे. याला पक्का पुरावा म्हणता येणार नाही. पण दार उडण्याची वेळ आणि एरियल कापण्याची वेळ जुळते, आणि दट्ट्याला हात न लावता दार कसे उडेल याचे उत्तर त्यातून मिळते.

लिबर्टी बेल ७ दुरुस्त करून कॅन्सास राज्यातील हचिन्सन येथील अवकाश संग्रहालयाकडे सोपवले आहे. त्याचे दार सापडलेले नाही.